लोटनच्या नावाची मूठ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मित्रापाशी नाही, दारूच्या दोन घोटांनंतरसुद्धा नाही — आणि ते घोट मी सोडले तेही याच भीतीनं, की एखाद्या दिवशी तोंडातून निसटून जाईल. मायला सांगायला हवं होतं. ती गेली. आता तुम्ही समोर आहात, तर तुम्हाला सांगतो. जमेल तसं सांगतो. मध्येच भलतीकडे गेलो तर समजा की मी अजून घाबरतोय.

गावापासून सुरुवात करतो, कारण गावाबद्दल बोलणं सोपं आहे. नाव घेत नाही. सुरतेजवळच्या उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं गेलं, की दोन-अडीच तासांवर ते लागतं. गायकवाडी काळातलं. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी तळं, तळ्याच्या कडेनं कोरीव लाकडी खांबांची घरं, आणि पेठेच्या तोंडाशी जुना दरवाजा — त्याच्या फळ्यांवर हत्तीला टोचायचे लोखंडी खिळे अजून तसेच. पांडेसऱ्याच्या कापडमिलांत आयुष्य काढणाऱ्या माणसाला असं गाव म्हणजे काय वाटतं, माहीत आहे? आमच्याकडे खाडीचं पाणी मिलमध्ये ज्या रंगाचा कपडा निघेल त्या रंगाचं वाहायचं. इथे तळ्यात चक्क आभाळ दिसत होतं. स्टेशनवर उतरलो आणि वाटलं, आपलं नशीब उघडलं.

हे माझं होणारं सासर होतं. सुमनला मी सुरतेत तिच्या मावशीकडे पाहिली होती, होकार झाला होता. तिचे वडील शिंपी. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही पहिल्या दिवसापासून मामाच म्हणत आलो. नवऱ्या मुलाचा सूट मी माझ्या हातानं शिवणार, असा त्यांचा हट्ट होता. तेव्हा माप द्यायला मी एकटाच गेलो. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं, थंडी संपत आलेली. मामांनी माप घेतलं, जेवू घातलं आणि म्हणाले, “चला पाहुणे, गाव दाखवतो.”

त्यांना गावाचा फार अभिमान होता. प्रत्येक दगडापाशी थांबायचे. ही सरदाराची छत्री, हा घोड्यांचा हौद, ही वाव — वाव म्हणजे पायऱ्या उतरून जायची जुनी विहीर. मी हो हो करत होतो. पण आता थांबतो जरा. वावेपाशी जायच्या आधी लोटनबद्दल सांगायला हवं.

लोटन माझा थोरला भाऊ. आम्ही दोघं शिरपूरकडच्या गावातून सुरतेला आलो, एकाच मिलमध्ये लागलो. तो जेट मशीनवर कपडा रंगवायचा, मी रंगलेल्या ताक्यांच्या घड्या घालायचो. वडील आधीच गेलेले, म्हणून घरचा कर्ता तोच. गोडादऱ्यातली खोली त्यानंच घेतली, मायला गावाहून त्यानंच आणलं. मग त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलं. काय ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. आधी बोलणं कमी झालं, मग हसणं वाढलं, मग एक दिवस भर दुपारी तो गल्लीत अंगावर कपडा नसताना उभा राहिला. पोरांनी दगड मारले. मी घरात होतो. बाहेर जाऊन त्याच्यावर चादर टाकली ती मायनं.

त्यानंतर माझं एक जुळलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी कारण लपवलंसुद्धा नाही — घरात वेडा आहे म्हणाले. मी लोटनशी बोलणं सोडलं. आणि थोड्याच दिवसांत तो मिलच्या गेटमधून बाहेर पडला तो घरी आलाच नाही. शोधला आम्ही. पोलीस झाले, उधना स्टेशन झालं, नंदुरबार, दोंडाईचा, सगळे नातेवाईक झाले. खरं सांगू? शोधताना माझे पाय चालत होते, मन चालत नव्हतं. घरात शांतता आली होती. रात्री झोप लागत होती.

सुमनचं स्थळ आलं तेव्हा मी मायला बजावलं — थोरला भिवंडीला लूमवर असतो, भांडून गेलाय, येत नाही, इतकंच सांगायचं. मायला खोटं बोलायची सवय नव्हती. पण माझ्यासाठी बोलली. पुढे पुढे तर स्वतःच त्यावर विश्वास ठेवायला लागली, असं मला वाटतं. कुणी भिवंडीचा माणूस भेटला की विचारायची.

आणि कानबाईला त्याची मूठ घ्यायची. तुम्ही खान्देशातले नसाल तर सांगतो. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी, म्हणजे जाड पुऱ्यांसाठी, गहू घेतात तो घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं — सव्वा मूठ, नाव घेऊन. गोडादऱ्यातले चक्कीवालेसुद्धा त्या दिवशी चक्की धुऊन-पुसून ठेवतात, दुसरं दळण घेत नाहीत. ते रोट फक्त घरच्यांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, मित्राला नाही, लग्न करून गेलेल्या लेकीलाही नाही. उरवायचे नाहीत, फेकायचे नाहीत. आणि मूठ असते ती जिवंत माणसाची. मेलेल्याची घेत नाहीत. लोटन गेल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात मायनं सुपात हात घातला, त्याचं नाव घेतलं आणि मूठ भरली. त्याच्या वाटचा रोट माझ्या ताटात टाकून म्हणाली, “तुना भाऊना वाटा तू खाय. तो येई तवर.” तो येईपर्यंत तू खा. खाल्ला मी. तेव्हा तो खरंच बेपत्ता होता, तेव्हा खाण्यात काही पाप नव्हतं.

आता वाव.

वावेच्या वरच्या पायऱ्यांवर रंगीत चिंध्या ओळीनं वाळत घातल्या होत्या. शिंप्याकडच्या कातरणी — गडद रंगापासून फिक्या रंगापर्यंत, नीट लावलेल्या. एक दाढीवाला माणूस पाठमोरा बसून एक चिंधी दोन्ही हातांत ताणून उजेडाकडे धरून बघत होता. रंग सगळीकडे सारखा चढलाय की नाही, ते असं बघतात. आमच्या मिलमध्ये सगळेच बघतात. पण अंगठा असा आत दुमडून एकच माणूस बघायचा. मी चेहरा पाहायच्या आधी ओळखलं.

मामा सांगत होते — हा आमचा मुनी. कुठून आला ठाऊक नाही, बोलत नाही म्हणून मुनी. कुणाला त्रास नाही. पेठेतली घरं आळीपाळीनं भाकरी देतात, मी कातरणी देतो, दिवाळीला एखादा कपडा शिवून देतो. कधीमधी पुटपुटतो, तुमच्या खान्देशातल्यासारखं वाटतं, आम्हाला काही उमगत नाही. मग ते थांबले आणि आनंदानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अरे, तुम्ही तर तिकडचेच! जरा बोलून बघा ना. पत्ता लागला तर मी स्वतः नेऊन पोचवीन त्याला घरी. कुणाची तरी आई वाट बघत असेल.”

मी त्याच्यासमोर बसलो. बसावंच लागलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. हसला. आणि अगदी स्वच्छ, जसा मधला काळ गेलाच नाही असा, हळू आवाजात विचारलं, “बापू, माय मनी मूठ लेस का?”

माय माझी मूठ घेते का? बापू मला घरात म्हणतात. एवढंच विचारलं त्यानं. घरी ने म्हणाला नाही, कसा आहेस म्हणाला नाही. घरात आपण अजून मोजले जातो का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि मला ते उत्तर माहीत होतं! हो म्हणायचं होतं नुसतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मी उठलो. मामांना म्हणालो, “नाही कळत काही. ही आमच्याकडची बोली नाही. बऱ्हाणपूरच्या पलीकडचा असेल कुणी.”

मामांचा चेहरा पडला. लोटनला मराठी कळत होती, अर्थातच कळत होती. त्यानं ऐकलं. तो पुन्हा खाली बघून चिंधी ताणायला लागला. पुन्हा बापू म्हणाला नाही. लहानपणी मी काही फोडलं-सांडलं आणि त्याच्यावर ढकललं, की तो असाच खाली बघायचा — सांगायचा नाही कुणाला. का केलं मी असं? लग्न मोडेल म्हणून. सुमन आवडली होती म्हणून. ते तळं, तो दरवाजा, तो माझ्या खांद्यावरचा मामांचा हात — हे सगळं हातचं जाईल म्हणून. परतीच्या गाडीत मी ठरवलं होतं, लग्न होऊ दे, मग सांगू.

मामांना लग्न गावातच करायचं होतं, तळ्याकाठी मांडव घालून. मी म्हणालो, मायचे गुडघे दुखतात, तिला प्रवास झेपणार नाही, सुरतेलाच करू. मायचे गुडघे ठणठणीत होते. मामांनी ऐकलं, मुलीचा बाप तो, काय करणार? लग्नात मी त्यांनी शिवलेला सूट घातला. सगळे म्हणाले, काय फिटिंग आहे! मामा खूश होऊन म्हणाले, “कापड असं बेतलं, की त्यातून आमच्या मुनीची बंडीसुद्धा निघाली.” माय शेजारीच उभी होती. कोण मुनी, असं तिनं विचारलं नाही, पाहुण्यांची गडबड होती.

त्यानंतर मी सासरी जाणं टाळलं. सुमनला वाटायचं, सुरतेच्या माणसाला तिच्या खेड्याची लाज वाटते. वाटू दिलं. माय तर मागेच लागायची — सुनेचं माहेर बघायचंय, तळं बघायचंय, तो खिळ्यांचा दरवाजा बघायचाय. पुढच्या वर्षी नेतो म्हणायचो. मग प्लेगच्या त्या भाद्रपदात अर्धं सुरत तोंडाला फडकं बांधून पळत सुटलं. पोरगा तान्हा होता. सुमन रडून म्हणाली, बाबांकडे जाऊ, जवळ आहे. मी नाही म्हणालो. बसच्या टपापर्यंत माणसं लटकलेली असताना तिला, तान्ह्या पोराला आणि मायला शिरपूरपर्यंत घेऊन गेलो. पोराला रस्त्यात हगवण लागली. वाचला तो, पण सुमन कित्येक महिने माझ्याशी नीट बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

एकदाच गेलो तिकडे, मेहुणीच्या साखरपुड्याला — मायला शिरपूरला ठेवून. पेठेतून जाताना दरवाज्यापाशी तो बसला होता. अंगात माझ्या सुटाच्या कापडाची बंडी, राखाडी, बारीक रेघांची. सुमननं पिशवीतून लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. तिचा दीर तो. तिला काय ठाऊक? मी पुढे चालत राहिलो.

तुम्ही म्हणाल, भ्यालास, इतकंच ना? माणूस भितो. थांबा. मला जे सांगायचंय ते अजून आलेलंच नाही. इथपर्यंतचं मी स्वतःला कसंबसं समजावलं आहे. पुढचं नाही समजावता आलं.

ते मामा दिवाळीचा फराळ घेऊन सुरतेला आले तेव्हाचं. सकाळची वेळ. माय रांगोळी आटोपून दाराशी बसली होती, सुमन चहा टाकत होती. मामांचे केस बारीक कापलेले, मिशी नाही. सुमननं घाबरून विचारलं तेव्हा म्हणाले, आपल्यातलं कुणी नाही गं, मुनी गेला. दसरा होऊन गेल्यावर ताप आला, अंगावर काढला बहुतेक, वावेच्या पायरीवर सापडला. पेठेनं वर्गणी काढून सगळं नीट केलं. “अग्नी कोण देणार, म्हणून अडलं होतं. ना मुलगा, ना भाऊ. मग म्हटलं, मीच देतो. ती बंडी अंगावर राहू दिली.”

माझ्या हातात चिवड्याची बशी होती.

मायनं पदर डोळ्याला लावला. “कोनी मायना आंडोर व्हई बिचारा,” म्हणाली — कुण्या आईचा मुलगा असेल बिचारा. मग तिनं मान वर केली. मी तिचा चेहरा बघत होतो. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, जसं समोरच्या भिंतीवर लिहिलेलं दिसावं तसं. तिनं मामांना विचारलं, “दिसाले कसा व्हता तो? केवढाक व्हता?”

मामा तोंड उघडणार होते.

मी म्हणालो, “म्हातारा होता, माय. साठीचा असेल. मी बघितलाय ना. बंगाली वगैरे होता कुणीतरी.”

हे आहे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लोटन तेव्हा चाळिशीचाही नव्हता. आणि तेव्हा माझं काय जाणार होतं? लग्न होऊन वर्षं झाली होती, पोरगा रांगायचा तो चालायला लागला होता, सुमन मला सोडून गेली नसती. मामा तर देवमाणूस. काहीही मोडणार नव्हतं. फक्त मी उघडा पडलो असतो, आणि माय रडली असती — आपल्या लेकाच्या नावानं, मोठ्यानं, जशी आई रडते तशी. तेवढं रडणं तिच्या हक्काचं होतं. ते मी तिच्या तोंडातून काढून घेतलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. नवल वाटल्यासारखं. “साठीचा?” म्हणाले, आणि मग थांबले. ज्या माणसानं आयुष्यभर नुसत्या नजरेनं मापं घेतली, त्याला वय चुकेल? त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मायच्या. माझे आणि लोटनचे कान सारखे, कपाळ सारखं. “असेल बुवा,” एवढंच म्हणाले आणि चहाचा कप उचलला. त्यानंतर त्यांनी मुनीचं नाव माझ्यासमोर काढलं नाही. माझ्यासाठी कपडाही शिवला नाही. नजर कमी झाली म्हणायचे.

आमच्या घरात सुतक होतं आणि ते मला एकट्याला माहीत होतं. संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालं. माय पुढे, तिच्या मागे मी, हातात आरती. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे गेलो. मनात होतं, डोकं भादरून घ्यावं, विचारलं तर उवा झाल्या म्हणावं. खुर्चीत बसलो. त्यानं विचारलं, काय करू? दाढी म्हणालो.

पुढच्या श्रावणात मायनं सूप पुढे ओढलं. माझी मूठ घेतली, पोराची घेतली. मग लोटनचं नाव घेतलं आणि हात जरासा थांबला. मी समोर बसलो होतो. ती माझ्याकडे बघत होती की नुसतीच बघत होती, हे मला आजही ठरवता येत नाही. तिनं मूठ भरली. रोट झाले, खीर झाली, गंगाफळाची भाजी झाली, आणि लोटनचा वाटा माझ्या ताटात आला.

माय असेपर्यंत हे दर वर्षी झालं. शेवटच्या आजारपणात तिला माणसं ओळखू येत नव्हती, तेव्हा ती मलाच लोटन म्हणायची. मी ओ द्यायचो.

आता सूप सुमनकडे आहे. लोटनभाऊ भिवंडीला असतात, भांडून गेलेत, हेच तिला माहीत आहे. यंदाही गहू काढायच्या वेळी तिनं आतून विचारलं, “अहो, लोटनभाऊंची मूठ घ्यायची ना?”

घे म्हणालो.

रोट बाहेर कुणाला देता येत नाही. टाकता येत नाही. घरातल्याच कुणीतरी तो संपवावा लागतो. सुमननं माझ्या ताटात वाढला. मी खाल्ला.